इंजिनाची उचकी थांबवणारी टिली

कॉलेजच्या पार्किंगमध्ये अर्धा तास उभं राहा. एक तरी चर्चा कानावर पडणारच. कुणाच्या तरी दादाने टर्बो पेट्रोल गाडी घेतलेली असते आणि आता ती ट्यून करायची असते. मग सल्ल्यांचा पाऊस. एकाचं म्हणणं, कंपनीच्याच ईसीयूचा रीमॅप मार, अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्याचं म्हणणं, पिगीबॅक बॉक्स लाव, सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवता येतो. तिसरा थेट स्टँडअलोन ईसीयूवरच येतो. कंपनीचा मेंदू काढायचा, बाहेरचा नवा बसवायचा, मग बघा गाडी कशी पळते!

या सगळ्या गोंधळात एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही. गाडीला नेमकं होतंय काय? कमी काय पडतंय? हवा, इंधन, ठिणगीची वेळ, की फक्त आपली हौस?

हा प्रश्न आधी विचारला तर काय होतं, ते बघायला ईसीयू नावाची वस्तू जन्मालाही आली नव्हती त्या काळात जाऊ. १९४१ सालच्या इंग्लंडमध्ये. तिथे एका बाईने २७ लिटरच्या सुपरचार्ज्ड इंजिनाचा जीवघेणा दोष आटोक्यात आणला. नवं इंजिन नाही, नवा कार्ब्युरेटरही नाही. शिंप्याच्या बोटात असतं ना अंगुस्तान, तशा आकाराची एक पितळी टोपी आणि तिला मोजून पाडलेलं एक भोक. बस्स, एवढंच.

तिचं नाव बीट्रिस शिलिंग. लोक तिला टिली म्हणायचे.

चौदाव्या वर्षी एनफिल्ड

टिलीचा जन्म ८ मार्च १९०९ चा. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातलं वॉटरलूव्हिल हे गाव. वडील खाटीक. घरात इंजिनिअरिंगची परंपरा वगैरे काही नाही. पण पोरीला खेळायला हवं असायचं ते मेकॅनो. नट-बोल्ट, पट्ट्या, चाकं. चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटरसायकल घेतली. कुठली, सांगा बरं? रॉयल एनफिल्ड! टू-स्ट्रोक. ज्या नावावर आज आपल्याकडची अर्धी तरुणाई लेह-लडाखची स्वप्नं बघते, त्याच नावाची गाडी शंभर वर्षांपूर्वी ही मुलगी चालवत होती. आणि चालवण्याइतकीच तिला ती खोलण्यात मजा यायची.

शाळा संपल्यावर तिने एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरकडे उमेदवारी केली. ही इंजिनिअर बाईच होती, मार्गारेट पार्ट्रिज. वायरिंग करायची, जनरेटर बसवायचे, हात काळे करायचे. तीन वर्षं हेच. मुलीच्या हातात काय आहे हे पार्ट्रिजबाईंनी ओळखलं आणि तिला युनिव्हर्सिटीत जायला लावलं. विचार करा, तो १९२९ चा काळ. मँचेस्टरच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली होत्या दोन. टिली त्यातली एक. १९३२ मध्ये इलेक्ट्रिकलची पदवी, आणि पुढे लगेच मेकॅनिकलमध्ये मास्टर्स.

डिग्री झाली, आता नोकरी. पण सगळीकडे मंदी. आणि इंजिनिअर बाईला कामावर ठेवणारे तसेही थोडेच. तिने बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत एका प्राध्यापकांकडे संशोधन सहायक म्हणून काम धरलं. आणि उरलेल्या वेळात? उरलेल्या वेळात ती ब्रुकलंड्सला जायची.

१०६ मैलांचा बिल्ला

ब्रुकलंड्स म्हणजे रेसिंगवाल्यांची पंढरी. १९०७ साली बांधलेला काँक्रीटचा ट्रॅक. दोन्ही टोकांना भिंतीसारखी उभी चढलेली वळणं, आणि काँक्रीट जागोजागी इतकं खडबडीत की वेगात गेलं की गाडी हवेत उडायची. या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर सरासरीने एक फेरी मारली की सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. गोल्ड स्टार. पैशाने न मिळणारी चीज.

टिलीकडे ५०० सीसीची नॉर्टन होती. तिची तीच ट्यून करायची. २४ ऑगस्ट १९३४ ला तिने ताशी १०६ मैलांनी फेरी मारली. आपल्या हिशेबात ताशी १७० किलोमीटर. एबीएस नाही, आजच्यासारखं हेल्मेट नाही, नीट धरणारे टायर नाहीत. ब्रुकलंड्सच्या अख्ख्या इतिहासात हा बिल्ला मिळवलेल्या बायका फक्त तीन. त्यातली ही एक.

पुढे तिच्या आयुष्यात जॉर्ज नेलर आला. तोही इंजिनिअर. असं सांगतात की लग्नाला होकार देण्याआधी तिने अट घातली, आधी तूही गोल्ड स्टार मिळव. खरं-खोटं त्या दोघांनाच माहीत. पण जॉर्जने बिल्ला मिळवला हे खरं, आणि १९३८ मध्ये लग्न झालं हेही खरं.

त्याआधी १९३६ मध्ये ती फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रुजू झाली होती. म्हणजे ब्रिटिश विमानांची सरकारी प्रयोगशाळा. युद्ध सुरू झालं आणि १ नोव्हेंबर १९३९ पासून कार्ब्युरेटरच्या संशोधनाची जबाबदारी तिच्याकडे आली. आणि इथेच तिची गाठ पडली मर्लिनशी.

एसटीची शेवटची सीट

रोल्स-रॉइस मर्लिन. १२ सिलिंडर, २७ लिटर. स्पिटफायर आणि हरिकेन ही दोन्ही लढाऊ विमानं याच इंजिनावर. त्याला सुपरचार्जर होता. टर्बो आणि सुपरचार्जर हे भाऊ-भाऊच. दोघंही सिलिंडरमध्ये हवा कोंबतात. फरक एवढाच की टर्बो एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो आणि सुपरचार्जर इंजिनाच्या गिअरवर.

जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हे तुम्हाला माहीत आहे. पण जास्त हवेला जास्त इंधनही लागतं, आणि ते मापात लागतं. १९४० मध्ये ब्रिटिशांना १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागलं, तेव्हा मर्लिनचा बूस्ट सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला. कमी उंचीवर ताकद साधारण १,०३० हॉर्सपॉवरवरून १,३०० च्या पुढे गेली. इंजिन तेच! आजच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या हवाई दलाच्या गाड्यांचा स्टेज वन रीमॅप झाला.

पण एक भानगड होती. मर्लिनला कार्ब्युरेटर होता आणि समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं. डायरेक्ट इंजेक्शन. जर्मन पायलट मागे ब्रिटिश विमान लागलं की दांडी सरळ पुढे ढकलायचा. विमान नाक खाली घालून सुसाट सुटायचं. ब्रिटिश पायलट तसंच करायला जायचा आणि त्याचं इंजिन उचकी द्यायचं. खोकायचं. कधी काळा धूर ओकून बंदच पडायचं. त्या एक-दोन सेकंदांत शिकार निसटायची, नाहीतर शिकाऱ्याचीच शिकार व्हायची. म्हणून ब्रिटिश पायलट आधी विमान उलटं करून मग खाली सूर मारायचे. तेवढ्यात समोरचा लांब गेलेला असायचा.

हे का व्हायचं? एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून गतिरोधकावरून गेलाय कधी? बस खाली जाते आणि तुम्ही सीटवरून वर उडता. क्षणभर वजनच नसल्यासारखं, उलट छताकडे कुणीतरी ओढल्यासारखं वाटतं. नाक झटकन खाली घातलेल्या विमानात सगळ्याच वस्तूंचं असं होतं. कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलचंही.

आता गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात बॉलकॉक असतो. पाणी वर आलं की चेंडू वर येतो, पाणी बंद. पाणी खाली गेलं की चेंडू खाली, पाणी चालू. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये हीच व्यवस्था. चेंडूच्या जागी फ्लोट, तोटीच्या जागी निडल व्हॉल्व्ह. आता समजा, टाकीतलं सगळं पाणी अचानक छताला जाऊन चिकटलं. आधी काय होईल? तळाच्या नळाला पाणीच मिळणार नाही, हवा येईल. मर्लिनमध्ये तेच व्हायचं. जेटला पेट्रोलऐवजी हवा, मिक्स्चर एकदम लीन, इंजिनाची पहिली उचकी.

पण खरा घात पुढे होता. पेट्रोल वर गेल्यामुळे फ्लोट खाली दाबला जायचा. व्हॉल्व्हला वाटायचं टाकी रिकामी आहे. तो पूर्ण उघडायचा. इंधनाचा पंप तर जोरात चालूच असायचा, आणि तो इंजिनाला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल ढकलू शकायचा. मग चेंबर तुडुंब, सुपरचार्जरमध्ये पेट्रोलचा लोंढा, मिक्स्चर इतकं रिच की पेटायचंच नाही. काळा धूर आणि इंजिन बंद.

म्हणजे बघा, उचक्या दोन होत्या. पहिली क्षणभराची, इंधन कमी पडल्याची. दुसरी लांबलेली, इंधन जास्त झाल्याची. पायलटला दोन्ही एकाच वेळी जाणवायच्या आणि तक्रार एकच यायची, इंजिन बंद पडतं. तुमच्या गाडीचंही असंच असतं. बूस्ट आल्यावर गाडी झटके देते, एवढंच तुम्हाला कळतं. ते लीनमुळे, रिचमुळे, ठिणगी फिकी पडल्यामुळे, की ईसीयूने मुद्दाम बूस्ट कापल्यामुळे, हे सीटवर बसून कळत नाही. मोजावं लागतं.

एक भोक, पण मापाचं

इथे कुणालाही वाटेल, मग कार्ब्युरेटर फेकून द्या आणि जर्मनांसारखं इंजेक्शन बसवा! पण रोल्स-रॉइसचे इंजिनिअर काही खुळे नव्हते. सुपरचार्जरच्या आधी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा थंड व्हायची. थंड हवा दाट असते. म्हणजे त्याच जागेत जास्त हवा आणि जास्त ताकद. कार्ब्युरेटरचा हा फायदा खरा होता. इंजेक्शनचा फायदाही खरा होता. प्रत्येक पद्धतीत काहीतरी मिळतं आणि काहीतरी सोडावं लागतं. आणि दुसरं म्हणजे युद्ध चालू होतं. शेकडो विमानं वर्कशॉपमध्ये उभी करून इंधनाची अख्खी यंत्रणा बदलायला वेळ होता कुणाकडे?

टिलीने प्रश्नाचे दोन तुकडे केले. पहिली उचकी क्षणभराची आहे, ती तूर्त सहन करू. जीव घेते ती दुसरी. ती का येते? पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो म्हणून. मग पंपातून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या वाटेत एक अडसर घालायचा. भोक इतकं मोठं, की इंजिन पूर्ण ताकदीने चालताना लागेल तेवढं पेट्रोल आरामात जाईल. आणि इतकं लहान, की त्याहून जास्त जाणारच नाही. व्हॉल्व्ह कितीही उघडू दे, लोंढा येणार नाही.

ऐकायला सोपं आहे. पण माप चुकलं तर? भोक जरा लहान झालं तर पूर्ण बूस्टवर चढताना इंजिन लीन होणार. लीन म्हणजे तापणार, नॉकिंग होणार, पिस्टन जाणार. तेही शत्रू समोर असताना. भोक जरा मोठं झालं तर मूळ दुखणं तसंच. म्हणून या पितळी टोपीची दोन मापं केली गेली, एक १२ पौंड बूस्टच्या इंजिनांसाठी आणि एक १५ पौंडांच्या. बूस्ट बदलला की इंधनाचं गणित बदलतं, हे तिने कधी विसरू दिलं नाही. पुढे त्या टोपीची साधी सपाट चकती झाली.

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वेगळीच होती. ही वस्तू बसवायला विमान मोहिमेतून काढावं लागत नव्हतं. इंधनाची नळी सोडवा, टोपी घाला, नळी जोडा. १९४१ च्या सुरुवातीला टिली छोटी टीम घेऊन लढाऊ विमानांच्या तळांमागून तळ फिरली. ती स्वतः तिच्या त्याच रेसिंगच्या नॉर्टनवरून यायची. मार्च १९४१ पर्यंत ही चकती हवाई दलाने अधिकृतपणे स्वीकारली होती.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण ती बऱ्याच ठिकाणी चुकीची सांगतात. ब्रिटनची प्रसिद्ध हवाई लढाई १९४० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळी हिवाळ्याच्या तोंडावर झाली. तेव्हा ही चकती नव्हतीच. त्या लढाईतले पायलट उचकीसकट लढले. टिलीचा उपाय त्यानंतरचा. आणि तो पूर्ण उपायही नव्हता. विमान सतत उलटं उडवता येईल, असं काही त्याने झालं नाही. झटपट सूर मारता येऊ लागला, एवढंच. पण त्या पायलटांना तेवढंच हवं होतं. दुखण्याचा कायमचा निकाल लागला १९४३ मध्ये, बेंडिक्स कंपनीचा प्रेशर कार्ब्युरेटर आल्यावर. तोपर्यंतची दोन वर्षं या चकतीने निभावली.

हवाई दलातल्या पोरांनी त्या चकतीला टिलीच्या नावावरून एक चावट नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्यांत कौतुकही होतं आणि पुरुषी टवाळीही. खरं तर तेव्हा तिचं लग्न होऊन ती मिसेस नेलर झाली होती, तरी नावात मिस शिलिंगच राहिली.

आता तुमच्या गाडीकडे येऊ

टिलीच्या गोष्टीत तिन्ही पर्याय आहेत, बघितलंत का?

बूस्ट सव्वासहावरून १२ पौंडांवर नेणं म्हणजे रीमॅप. लोखंड तेच, आकडे नवे. तुमच्या गाडीचा टर्बो, इंजेक्टर, पंप सगळं कंपनीचंच असेल, तर बहुतेक वेळा तुमची गरज इथेच भागते. कंपनीच्या ईसीयूला तुमचं इंजिन आतून-बाहेरून माहीत असतं. थंडीतली स्टार्टिंग, एसी लागल्यावरचं आयडलिंग, नॉकिंग ऐकून ठिणगी मागे घेणं, हे सगळं तिथे आधीच नीट बसवलेलं असतं. पण रीमॅप करणाऱ्याला विचारा, हा मॅप कुठल्या पेट्रोलसाठी आहे? टिलीच्या काळातला १२ पौंडांचा बूस्ट १०० ऑक्टेनशिवाय शक्यच नव्हता. तुम्ही नेहमी भरता त्या पेट्रोलवर मॅप बनलेला नसेल तर तो तुमचा नव्हेच.

मधला पर्याय म्हणजे पिगीबॅक. हा बॉक्स सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसतो आणि ईसीयूला जरा खोटं सांगतो. बूस्ट आहे त्यापेक्षा कमी आहे, असं दाखवतो, मग ईसीयू आणखी बूस्ट देतो. लावायला-काढायला सोपा. थोड्या वाढीसाठी चालूनही जातो. पण आठवतंय ना, मर्लिनच्या व्हॉल्व्हला टाकी रिकामी आहे असं खोटंच कळत होतं, म्हणून इंजिन बंद पडत होतं. ज्याला खरी परिस्थिती कळत नाही, त्याचा निर्णय चुकण्याची भीती असतेच. नवे ईसीयू बरेच हुशार असतात. त्यांना विसंगती दिसली की ते सरळ लिम्प मोडमध्ये जातात.

आणि तिसरा, स्टँडअलोन. हा म्हणजे बेंडिक्सचा नवा कार्ब्युरेटर. यंत्रणाच नवी. मोठा टर्बो लावलाय, इंजेक्टर मोठे केलेत, दुसरंच इंजिन बसवलंय, गाडी फक्त ट्रॅकवरच पळणार आहे, किंवा गाडी इतकी जुनी आहे की तिच्या ईसीयूत नवे आकडे भरताच येत नाहीत, तर मग याला पर्याय नाही. सगळं तुमच्या हातात येतं. पण मग सगळं तुम्हालाच करावं लागतं. प्रत्येक आरपीएमला, प्रत्येक लोडला इंधन किती, ठिणगी कधी, बूस्ट किती, हे कुणीतरी डायनोवर बसून भरायचं असतं. ईसीयूची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता. वायरिंग, सेन्सर आणि ट्यूनिंगचे तास हे पुढचे.

स्टँडअलोन निवडताना दुकानदाराने सांगितलेल्या फीचरच्या यादीला भुलू नका. आधी हे विचारा. माझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर हा ईसीयू त्याचे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप चालवू शकतो का? कित्येकांना ते जमत नाही. गाडीच्या बाकीच्या यंत्रणांशी, म्हणजे मीटर, एबीएस, एसी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्याशी तो बोलू शकतो का? लॅम्डा सेन्सर वाइडबँड लावता येतो का? नुसता रिच की लीन एवढं सांगणारा सेन्सर बूस्टवर उपयोगाचा नाही, किती रिच हे कळायला हवं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते. पूर्ण बूस्टवर मिक्स्चर मुद्दाम त्याहून रिच ठेवतात, साधारण १२ च्या आसपास, म्हणजे आतली आग जरा थंड राहते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की हा सगळाच हिशेब सरकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टिलीचा प्रश्न. काही बिघडलं तर हा ईसीयू काय करेल? इंधनाचं प्रेशर पडलं, ऑइलचं प्रेशर पडलं, मिक्स्चर अचानक लीन झालं, बूस्ट हाताबाहेर गेला, तर तो इंजिन स्वतःहून सावरेल का? ताकद वाढवणारा ईसीयू कुणीही विकेल. मर्यादा घालणारा बघा. टिलीची चकती ताकद वाढवत नव्हती, लक्षात घ्या. ती फक्त एक मर्यादा घालत होती, आणि त्या मर्यादेमुळे पायलटला इंजिनावर भरवसा ठेवता येत होता.

शेवटचं, तुमच्या ट्यूनरचा हात कुठल्या ईसीयूवर बसलाय? जगातला सगळ्यात भारी ईसीयू घेऊन तो पहिल्यांदाच तुमच्याच गाडीवर शिकणार असेल, तर फी तुमचं इंजिन भरणार. ट्यूनरला ओळखीचा असलेला मधल्या किमतीचा ईसीयू त्यापेक्षा शंभरपट बरा.

कायद्याचंही एक वाक्य. आरसीवर नोंदलेले गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. नंतर डोक्याला हात लावण्यापेक्षा आधी चौकशी केलेली बरी.

पुढे टिलीचं काय झालं?

युद्ध संपलं. जॉर्ज युद्धात बॉम्बर विमानांचा पायलट होता, तो सुखरूप परतला. टिलीला ओबीई हा सन्मान मिळाला. फार्नबरोत ती १९६९ पर्यंत राहिली. रॅमजेट, क्षेपणास्त्रं, ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात, अशा कितीतरी विषयांवर तिने काम केलं. पण प्रयोगशाळेतल्या सगळ्यात वरच्या खुर्च्या तिच्या वाट्याला आल्या नाहीत. तिच्याइतकं काम न केलेले पुरुष पुढे गेले. ती बोलायला फटकळ होती, सभ्य गोड बोलणं तिला जमायचं नाही, हेही कारण असेल. पण तेवढंच कारण होतं असं म्हणवत नाही.

नवरा-बायको दोघांनी मोटरसायकल सोडून पुढे चारचाकीत शर्यती केल्या. घरची वर्कशॉप कायम चालू. ऑस्टिन-हिली स्प्राइट खोलायची, सुधारायची, ट्रॅकवर न्यायची. १९६७ मध्ये अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नीच्या ईगल या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापायला लागलं, तेव्हा सल्ल्याला बोलावलं गेलं टिलीला. तेव्हा ती ५८ वर्षांची होती. पुढे सरे युनिव्हर्सिटीने तिला मानद डॉक्टरेट दिली. १८ नोव्हेंबर १९९० ला ती गेली.

आज तुमच्या गाडीतला ईसीयू जे सेकंदाला कितीतरी वेळा करतो, म्हणजे किती हवा आली ते मोजून तेवढंच इंधन सोडायचं, जास्त नाही की कमी नाही, त्यातला एक छोटा तुकडा टिलीने पितळेच्या भोकात बसवला होता. कॉम्प्युटरशिवाय.

तेव्हा दादाची ती टर्बो गाडी गॅरेजला नेण्याआधी एक काम करा. एक रविवार काढा. ओबीडीच्या पोर्टला साधा रीडर लावा आणि रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर दादाला गाडी चालवू द्या. तुम्ही शेजारी बसून बूस्ट, मिक्स्चर, ठिणगी, आत येणाऱ्या हवेचं तापमान यांची नोंद ठेवा. झटका आला की ती वेळ टिपा. मग ती नोंद घेऊन ट्यूनरकडे जा आणि काय बसवायचं हे विचारण्याआधी, काय बिघडलंय ते विचारा. कदाचित उत्तर लाखाचं नसेल. कदाचित ते जुन्या स्पार्क प्लगचं निघेल.